डाव्या कानाचे नऊ दिवस

आमच्या वन्संची नोकरी ऐकण्याची आहे. तुमच्या नणंदबाई काय करतात असं कुणी विचारलं आणि मी हे उत्तर दिलं, की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग म्हणतो, ती तर आम्हीही करतो, घरी, फुकट. वन्संना हा विनोद पाठ झाला आहे. त्या शांतपणे म्हणतात, "तुम्ही ऐकून घेता. मी ऐकते."

ग्राहकांसाठी निघणाऱ्या एका मासिकात त्या आहेत. हे मासिक जाहिराती घेत नाही. वस्तू दुकानातून स्वतः आणतं, वापरून बघतं आणि बरं-वाईट जे असेल ते छापतं. पंखे, मिक्सर, इस्त्र्या बाकीची माणसं बघतात. ज्यातून आवाज निघतो ते सगळं वन्संच्या टेबलावर. आधी रेडिओ, मग स्पीकर, आणि आता चार-पाच वर्षं बहुतेक हे बिनवायरचे इअरबड्स, बाहेरचा गलका बंद करणारे. त्यातही मधल्या किमतीचे त्या मागून घेतात. "स्वस्तातल्याकडून कुणाची काही अपेक्षा नसते," त्या म्हणतात, "आणि महागातला घेणारा फसला तरी कबूल करत नाही. रडतो तो मधला."

आमच्या घरात त्या वस्तूला बोंडं म्हणतात, आणि बाहेरचा आवाज बंद करण्याला गिळणं. एकसुरी घरघर ती गिळतात. बसचं इंजिन, पंखा, एक्झॉस्टची भणभण, हे सगळं गडप. पण हाक, भांडं पडल्याचा आवाज, हॉर्न त्यांच्या घशाखाली नीट उतरत नाही. कुठलं बोंड किती गिळतं आणि काय घशात अडकतं, हे सांगणं म्हणजे वन्संचं काम.

वय बावन्न. सडसडीत, चष्मा नाही, बोलणं कमी. लग्न केलं नाही. दोन ठिकाणी बोलणी झाली होती म्हणतात. एकाचं जेवतानाचं मचमच त्यांना सोसवेना आणि दुसरा नाकातून शीळ वाजवत श्वास घेई. जिन्यात कोण चढतंय ते त्या पावलांवरून सांगतात, आणि त्याच्या हातात पिशवी आहे की नाही हेही. एकदा स्वयंपाकघराच्या दारातून जाता जाता म्हणाल्या, "कुकरची रिंग बदल गं, शिट्टी उतरलीय." मला काही कळलं नव्हतं. दोन दिवसांनी रिंग फाटली. आमचे हे त्यांना कानसेन म्हणतात.

सासूबाईंना शेवटची सहा वर्षं ऐकू येत नव्हतं. त्या हळूहळू घरातल्या घरात दूर गेल्या. समोर बसलेल्या असायच्या, पण आम्ही हसलो की आपल्यालाच हसतात असं वाटून तोंड फिरवायच्या. वन्संनी ते सगळं काढलं. तेव्हा त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, "देवानं माझं काहीही न्यावं, एवढं एक सोडून." देवाला असं बोट दाखवून सांगू नये असं मला वाटतं. म्हणून मी त्या दिवशी त्यांच्यातर्फे क्षमाही मागितली होती. त्यांना नाही सांगितलं.

त्यांची कामाची रीत ठरलेली. अंकासाठी पाच जोड्या आल्या की प्रत्येकीला काही दिवस. पहिली दहा मिनिटं गाणं नाही, काही नाही. गिळणं चालू करून नुसतं बसायचं. मग माझं स्वयंपाकघर. एक्झॉस्ट चालू, मिक्सर चालू, आणि वन्सं दाराकडे पाठ करून स्टुलावर. मी ओट्यापाशी उभी राहून त्यांनी दिलेले चाळीस शब्द एका आवाजात वाचायचे, कुठे जोर द्यायचा नाही, आणि त्यांनी ऐकू आला तो शब्द म्हणायचा. मग जिना, मग बसस्टॉप, मग बसमधून फोन. सगळं वहीत, रकाने आखून. आणि एक नियम: तपासणीच्या जोडीला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. "दुसऱ्याच्या कानात गेलेलं बोंड म्हणजे उष्टं ताट," त्या म्हणत.

त्या सोमवारी तिसरी जोडी उघडली होती. काळी, नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत. सकाळी वन्सं खोलीतून बाहेर आल्या त्या खुशीत. मला म्हणाल्या, "यातलं डावं बोंड काय गिळतंय गं. एवढ्या किमतीत असली शांतता मी पाहिली नाही. दाब जरा जास्त आहे, कान भरल्यासारखा वाटतो. पण गिळतंय मात्र."

"आणि उजवं?"

"उजवं आपलं बरं आहे."

मी रोज वहीत चार ओळी लिहिते. काय घडलं, कोण काय बोललं, देवाकडे काय मागितलं. वन्सं सहसा कशाचं कौतुक करत नाहीत म्हणून त्यांचं हे वाक्य मी त्या दिवशी लिहून ठेवलं.

कान भरल्यासारखा वाटणं ही काही नवी गोष्ट नव्हती. ही गिळणारी बोंडं घातली की थोडा दाब वाटतोच. लिफ्ट झपकन खाली आल्यावर वाटतो तसा. वन्संच्या वहीत त्याला वेगळा रकानाच आहे. त्यामुळे त्यांनी तिथे पाचपैकी तीन लिहिलं आणि पुढे गेल्या.

बुधवारी त्या नाराज दिसल्या. गाणं लावलं की डावीकडून बारीक येतं, उजवीकडून भरपूर, असं म्हणाल्या. "तोल नाही. गिळायला शिकलं आणि गायला विसरलं." जोडी दुकानात पाठवली, बदलून मागितली. शुक्रवारी दुसरी आली. तिचंही तेच. आता त्यांना राग आला. दोन नगांत एकच दोष म्हणजे दोष कारखान्याचा, असा त्यांचा नियम. त्यांनी बसून लेख लिहिला आणि संध्याकाळी संपादकांना पाठवूनही दिला. जेवताना ह्यांना म्हणाल्या, "या काळ्या जोडीचं मी पार वाभाडं काढलंय."

"वाभाडे, ताई. एकटं नसतं ते," हे म्हणाले.

त्या काही बोलल्या नाहीत. ह्यांना वाटलं रागावल्या. हे त्यांच्या डाव्या बाजूला बसले होते, हे मला तेव्हा सुचलं नाही.

शनिवारी सकाळी मी वाळलेले कपडे ठेवायला त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी चौथी जोडी उघडली होती, पांढरी, दुसऱ्याच कंपनीची. कपाळाला आठी घालून बसल्या होत्या. मला बघून एक बोंड काढलं आणि म्हणाल्या, "हल्ली सगळ्यांचं डावंच कच्चं येतंय."

"सगळ्यांचं कसं येईल, वन्सं? कंपनी वेगळी ना?"

"कंपनी वेगळी असेल. आतला पडदा सगळे एकाच कारखान्यातून घेत असतील. कुणाला ठाऊक?"

मी कपडे कपाटात ठेवले. एकावर एक ठेवले ते मला आठवतं, कारण हात चालू होते आणि मनात शंकेची पाल चुकचुकली होती. मग गेल्या चार दिवसांतलं एकेक पुढे यायला लागलं. वन्सं फोन डाव्या कानाला लावतात, उजव्या हातानं लिहायला. पण गुरुवारी मी त्यांना उजव्या कानाला फोन धरून, तोच हात अडकल्यामुळे, लिहिण्यासाठी धडपडताना पाहिलं होतं. उजव्या कुशीवर, म्हणजे उजवा कान उशीत दाबून झोपणारी बाई. दोन सकाळी त्यांचं घड्याळ वाजत राहिलं आणि मी जाऊन उठवलं. जिना उतरताना कठड्याला हात लावत होत्या. जिना त्यांनी आजवर कधी पायाखाली पाहून उतरला नव्हता.

त्या आंघोळीला गेल्या तेव्हा मी लेकीला बोलावलं आणि काळी जोडी उचलली.

"आई, आत्या मारेल," ती म्हणाली.

"मारू दे. कशी घालायची ते दाखव."

तिनं घालून दिली आणि गिळणं सुरू केलं. मी तोवर कधी घातली नव्हती. एका क्षणात घर गेलं. पंखा फिरताना दिसत होता, पण होता कुठे? रस्ता नव्हता, शेजारच्यांचा नळ नव्हता. माझा स्वतःचा घोट गिळल्याचा आवाज तेवढा डोक्यात वाजला. लेकीचे ओठ हलत होते आणि लांबून, भिंतीपलीकडून यावं तसं काहीतरी येत होतं. मला वाटलं, आत्ता न्हाणीघरात वन्सं घसरून पडल्या तर मला कळणार नाही. आणि लगेच दुसरा विचार आला. माणूस असा आतून बंद झाला, तर त्याला स्वतःला तरी कळेल का?

लेकीनं गाणं लावलं. मी डोळे मिटले. डावीकडे जेवढं, उजवीकडे तेवढंच. डावं बोंड काढून घातलं, उजवं काढून घातलं. मग लेकीला घालायला लावलं.

"कुठलं बारीक येतंय?"

"कुठलंच नाही. झकास आहेत की गं. आत्या यांना नावं का ठेवते?"

मी बोंडं पुसून डबीत ठेवली. दोष बोंडांत नव्हता.

आता लिहायला लाज वाटते ते लिहिते. मी शनिवारी बोलले नाही. रविवारी बोलले नाही. सोमवारीही नाही. बारा वर्षं कानावर पोट भरणाऱ्या बाईला, दोन भाज्यांतली खारट कुठली एवढंच ठरवणारी मी कसं सांगणार, की तुमचा कान गेला? आणि खरं कारण तेही नव्हतं. मला वाटत होतं, तोंडातून काढलं की ते खरं होईल. न बोलता देवाच्या कानावर घातलं तर तो गुपचूप निस्तरेल. म्हणून मी तिन्ही दिवस दुप्पट वेळ देवासमोर बसले आणि बाहेर मूग गिळून राहिले. त्या तीन दिवसांत वन्संनी पांढऱ्या जोडीचेही गुण कापले. चाळीस शब्द वाचताना मी मुद्दाम एकदा डावीकडे सरकले आणि एकदा उजवीकडे. डावीकडून चाळीसपैकी बावीस बरोबर आले. उजवीकडून अडतीस. मी कागदाची घडी घातली आणि ती मसाल्याच्या डब्यामागे सरकवली.

मंगळवारी सकाळी मला राहवेना. हे चहा पीत होते. वन्सं खिडकीपाशी वर्तमानपत्राची कात्रणं कापत होत्या, डावी बाजू आमच्याकडे. मी ह्यांच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं.

"हिचा कान?" हे हसले. "अगं, तिला मुंगीनं कूस बदललेली ऐकू येते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तू देवाचं नाव घे आणि मला साखर दे."

"मग हाक मारून बघा."

"हाक कशाला, चांगलं बघतो." आणि आपल्या नेहमीच्या आवाजात, जरा खट्याळपणे, ते म्हणाले, "ताई, तो नाकातून शीळ वाजवणारा पुन्हा विचारतोय गं तुला."

या वाक्याला वन्संनी कधी उत्तर दिलं नाही असं झालेलं नाही. त्यांची उत्तरंही आम्हाला पाठ आहेत.

कात्री चालू राहिली. त्यांनी कात्रण नीट कापून काढलं, कडेनं बोट फिरवलं आणि बाजूला ठेवलं.

ह्यांनी कप खाली ठेवला. तो बशीत न बसता टेबलावर टेकला. मग ते पुन्हा म्हणाले, या वेळी हसण्याचा मागमूस नव्हता, "ताई."

कात्री चालूच.

"तू सांग," हे पुटपुटले. "मला नाही जमणार. तुझं ऐकेल."

"आणि मला जमेल असं वाटतंय तुम्हाला?"

"मला काही वाटत नाही. मला भीती वाटतेय," ते म्हणाले. लग्नाला चोवीस वर्षं झाली, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

मी उठून वन्संच्या समोर जाऊन बसले. समोर, म्हणजे त्यांना माझं तोंड दिसेल असं. "वन्सं, रागावणार असाल तर आधी रागावून घ्या. मी तुमची काळी जोडी घातली होती."

त्यांनी कात्री ठेवली. "काय केलंस?"

"घातली. लेकीलाही घालायला लावली. दोन्हीकडून सारखं वाजतं."

"तुला सारखंच वाटणार. तुझा कान तयार नाही."

"नसेल. पण लेकीचा तरुण आहे."

"बारा वर्षं मी हे करतेय. एक जोडी, मग तिची बदली, मग दुसऱ्या कंपनीची, तिन्ही जोड्या…" त्या तिथे थांबल्या. मला वाटतं, तीन वेगळी बोंडं आणि एकच कान, हे गणित त्यांनी तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं मांडलं. पण लगेच मान हलवली. "कानात मळ असेल. सर्दी असेल."

"असेल. डोळे मिटता का जरा?"

त्यांनी मिटले. एवढ्या मुकाट्यानं मिटले की मला रडू यायला लागलं. मी उजव्या कानापाशी अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं. कापडावर कापड घासावं एवढाच तो आवाज.

"हं. येतंय," त्या म्हणाल्या.

मी हात डावीकडे नेला आणि चोळायला लागले. त्या वाट बघत होत्या. चेहरा एकाग्र, ओठ मिटलेले, काम करताना असतो तसा. खिडकीतून खालच्या गॅरेजमधला हातोडा ऐकू येत होता. हे दारात उभे होते.

"सुरू कर ना गं," वन्सं म्हणाल्या. "किती वेळ लावतेस."

"मी केव्हाची करतेय, वन्सं."

त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या हाताकडे पाहिलं. बोटं चालूच होती.

त्याच दिवशी दुपारी आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे होतो. तरुण बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी वन्संना काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि कागद पुढे ठेवला. दोन रेघा. एक वर सरळ चाललेली, एक धाडकन खाली उतरलेली.

"हे कधीपासून?"

"दोन-तीन दिवस झाले असतील," वन्सं म्हणाल्या.

"नाही," मी म्हणाले. माझी वही पिशवीत होती. मी सोमवारचं पान काढलं आणि बोट ठेवून वाचून दाखवलं, कान भरल्यासारखा वाटतो पण गिळतंय मात्र, इथपर्यंत. "आज नववा दिवस."

डॉक्टरांनी वन्संकडे बघितलं. "कान जड वाटत होता, तेव्हाच आला नाहीत?"

"तो मी बोंडांचा दोष म्हणून लिहिला," वन्सं म्हणाल्या. "पाचपैकी तीन गुण दिले."

डॉक्टर लिहायच्या थांबल्या. मग सावकाश समजावून सांगितलं. आतल्या कानाची नस अशी अचानक बसते कधीकधी, बहुतेकदा कारण सापडत नाही. गोळ्या आहेत, आणि कानाच्या पडद्यातून आत सोडायचं औषध आहे. पण ते जितक्या लवकर जाईल तितका भरवसा. "दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आला असतात तर मी बरंच बोलू शकले असते. महिन्यानं आला असतात तर काहीच नाही. तुम्ही मधे आहात."

"मीही मधलीच म्हणायची," वन्सं म्हणाल्या.

नऊ दिवस. आजचा सोडला तर पाच त्यांचे होते, ते न कळण्याचे. तीन माझे होते, कळल्यावरचे. डॉक्टर पुढचं सांगत होत्या आणि मी ती वजाबाकी पुन्हा पुन्हा करत होते.

घरी आल्यावर वन्संनी पहिलं काम केलं ते संपादकांना फोन. उभ्यानंच. "काळ्या जोडीचा लेख छापू नका. दोष माझ्या कानात आहे." पलीकडून बराच वेळ काही आलं नसावं, कारण त्यांनी फोन कानापासून दूर करून पडद्याकडे पाहिलं आणि पुन्हा लावला. "हो, ऐकू येतंय मला. उजव्यानं. जोडी चांगली आहे, हे दुसऱ्या कुणाकडून तपासून मग छापा."

मग सुरू झाले ते औषधाचे दिवस. त्या दिवसांबद्दल माझ्या वहीत फार नाही. लिहायची भीती वाटत होती. वन्संना झोप येईना, भूक मात्र सारखी लागे, आणि चालताना तोल जाई. डाव्या कानात एक चीं असा आवाज सुरू झाला होता. "बाहेरचं काही येत नाही, आणि आत हा बसलाय भाडेकरू," त्या म्हणत. घरात आम्ही सगळे त्यांच्या उजवीकडून चालायला लागलो. पाहुण्यासारखे, भिंतीला धरून.

रोज सकाळी त्या मला बोलावत. रकाने आखलेले असत. मी बोटं चोळायची आणि त्यांनी सांगायचं. चार दिवस नुसत्या फुल्या. पाचव्या दिवशी माझ्याच्यानं बघवेना, मी जरा जोरात चोळलं.

"आलं," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "थांब. हे उजव्यानं ऐकलं. एवढं चोळलंस तर बहिऱ्यालाही ऐकू येईल."

"चुकून झालं."

"चुकून नाही. आमच्या धंद्यात याला भेसळ म्हणतात. हळू कर, आणि मला खरं कळू दे."

मी हळू केलं. फुली.

सातव्या दिवशी त्यांनी हात वर केला. मी तशीच चोळत राहिले. त्या म्हणाल्या, "काहीतरी आहे. वाळू सरकल्यासारखं. पुन्हा कर." मी पुन्हा केलं. मग त्यांनी न सांगता मी थांबले, आणि त्या म्हणाल्या, "गेलं." मी सुरू केलं. "आलं." त्यांनी फुली न मारता त्या चौकोनात एक लहानसा ठिपका दिला. बरोबरची खूण द्यायची हिंमत त्यांनाही झाली नसावी. मी देवासमोर जाऊन बसले, पण मागायला काही सुचेना. मागितलेलं अर्धंच मिळालं तर, अशी भीती वाटत होती.

तसंच झालं. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी पुन्हा काचेच्या खोलीत बसवलं. खाली पडलेली रेघ अर्धी वर आली होती. जाड, खालच्या सुरातले आवाज परत आले. बारीक, वरचे आले नाहीत. आणखी किती येईल विचारलं तर डॉक्टर म्हणाल्या, यायचं ते बहुतेक येऊन गेलं. वन्संनी पुढचा प्रश्न विचारला, जो मी मनात दाबून ठेवला होता.

"दुसरा?"

"दुसऱ्याला सहसा होत नाही."

"सहसा," वन्सं म्हणाल्या. मासिकातल्या लेखात हा शब्द कुणी वापरला तर त्या खोडतात.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर त्यांनी पुन्हा संपादकांना फोन लावला. आवाजाची कामं आता माझ्याकडे पाठवू नका, अर्धं ऐकून पूर्ण सही मी करणार नाही, असं सांगितलं. ते बहुधा समजूत घालत असावेत, कारण वन्सं दोनदा म्हणाल्या, "नाही. वाचणारा विश्वासानं घेतो." मग, "इस्त्री देत असाल तर द्या. ती गरम होते की नाही हे हाताला कळतं." फोन बंद करून त्यांनी पिशवीत टाकला आणि ताडताड रस्त्याकडे निघाल्या. मी एक पाऊल मागे.

रस्ता रुंद नव्हता. त्यांनी थांबून दोन्हीकडे पाहिलं आणि उतरल्या. वळणावरून एक टेम्पो आला आणि त्यानं हॉर्न दिला. वन्संनी तो ऐकला. ऐकून त्या झटकन उजवीकडे वळून बघायला लागल्या, तिकडे रस्ता मोकळा होता. टेम्पो डावीकडून येत होता.

मी त्यांची बाही पकडून मागे ओढली. टेम्पोवाला काहीतरी म्हणत निघून गेला. आम्ही दोघी फुटपाथच्या कडेला बसल्यासारख्या टेकलो. मी देवाचं नाव घेत होते की नुसतीच हुंदके देत होते, सांगता येत नाही.

"मला उजवीकडून आला," वन्सं म्हणाल्या. "अगदी नक्की उजवीकडून. आता मला सगळं उजवीकडूनच येणार?"

आवाज येतो, पण कुठून येतो ते सांगायला दोन कान लागतात, हे मला त्या क्षणी कळत होतं तेवढंच.

"घरी चला," मी म्हणाले. "रिक्षा बघते."

"थांब." त्यांनी रस्त्याकडे तोंड केलं आणि डोळे मिटून घेतले. "मी सांगते कुठून येतंय. तू बघ आणि चूक की बरोबर ते सांग. खोटं सांगू नकोस."

"इथे? वन्सं, अहो, आत्ता जीव वाचलाय."

"म्हणूनच आत्ता."

एक मोटार आली. "उजवीकडून," त्या म्हणाल्या. "नाही, डावीकडून," मी म्हणाले. एक स्कूटर. "डावीकडून." "उजवीकडून." पुढची त्यांनी बरोबर सांगितली, पण ती अंदाजानं, हे त्यांचं त्यांनीच सांगितलं. मग एक लांब, जड ट्रक आला. घरघर आधी सुरू झाली आणि वाढत गेली. वन्संनी मान थोडी फिरवली, मग आणखी थोडी, जणू चेहरा वळवून एका कानाचे दोन करायचे होते.

"हा डावीकडून. हा खरंच डावीकडून येतोय ना?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. मी त्यांची बाही अजून मुठीत धरली होती, आणि पुढची गाडी यायची वाट दोघीही बघत होतो.